आक्काच्या मानेची सोनोग्राफी

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. समोर असताना मी तिला आयुष्यभर 'आवं आक्का, तुमी' असंच बोलले. लिहायला बसले की मात्र ती आपोआप एकेरीत येते. तिला हे कळलं असतं तर म्हणाली असती, मास्तरकी केलीस म्हणून जीभ लांब झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, ती घर आणि शेत बघायची. कोरेगावच्या अलीकडे आमचं गाव. माझी दोन्ही पोरं तिच्या काखेला वाढली. सकाळी मी डबा घेऊन निघाले की दारात उभी राहून टोमणा मारणारी तीच, आणि संध्याकाळी पोरांची नाकं पुसून, त्यांना खाऊपिऊ घालून माझ्या पुढ्यात बसवणारीही तीच. दोन जावा इतकी वर्षं एका चुलीवर कशा नांदल्या, असं बायका विचारायच्या. भांडत नांदलो, दुसरं काय. एखाद्या दिवशी भांडण झालं नाही तर दोघींनाही जेवण गोड लागायचं नाही.

गाठ पहिल्यांदा मला दिसली. थंडीचे दिवस होते. ती पायरीवर उन्हाला बसून केस विंचरत होती आणि मान एका बाजूला कलती केली होती. डाव्या जबड्याखाली सुपारीएवढा फुगवटा दिसला. मी हात लावून बघितलं. कडक होता, बोटाखाली जागचा हलत नव्हता. दुखतंय का म्हणून विचारलं तर नाही म्हणाली, आणि दुखत नाही म्हटल्यावर आमच्याकडे विषयच संपतो. गाठ ठणकली असती, लाल झाली असती, तिच्यात पू धरला असता, तर आक्का दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसली असती. ही गुपचूप बसून होती, म्हणून तिला कुणी हटकलं नाही.

शेवटी मीच मागे लागून तिला कोरेगावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, गाठ तेवढीच राहिली, तेव्हा त्यांनी साताऱ्याला पाठवलं. साताऱ्याचे डॉक्टर माणूस चांगला, पण घाईत होते. बाहेर खुर्च्या भरून लोक बसले होते. त्यांनी मान चाचपली, बॅटरी मारून घसा बघितला आणि विचारलं, "तंबाखू खाता का?"

आक्काला तो प्रश्न अपमानाचा वाटला. पाठ ताठ करून म्हणाली, "न्हाई बा. तंबाकूला हात लावला न्हाई मी कवा." आणि मी शेजारी बसून तिच्यापेक्षा जोरात मान हलवली.

खोटं बोलावं असं आमच्या दोघींच्या मनातही नव्हतं. तंबाखू म्हणजे पुरुष खातात ती. तळहातावर चुना लावून मळायची, टाळी वाजवून झटकायची आणि ओठात ठेवायची. माझे थोरले दीर पलटणीतून ती सवय घेऊनच पेन्शनीत आले होते, आणि आक्काचा निम्मा जन्म त्यांच्या त्या सवयीशी भांडण्यात गेला. पिचकाऱ्यांनी रंगलेली भिंत ती बडबडत धुवायची. एकदा तर तिने त्यांची पिशवी चुलीत घातली होती. अशा बाईला तंबाखू खाता का म्हणून विचारायचं म्हणजे काय? ती मिश्री लावायची. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, फडक्यातून चाळायची आणि डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, रानातून आल्यावर बोटाने दाताला, हिरड्यांना लावायची. आमच्याकडे याला दात घासणं म्हणतात. आळीतल्या सगळ्या बायका लावतात. लग्न होऊन आल्यावर पहिल्या बाळंतपणात माझी दाढ दुखायला लागली, तर आक्कानेच माझ्या हिरडीला मिश्री दाबली होती. मला गरगरलं, मी उलटी केली, आणि ती पोट धरून हसली. दाढ दुखायची थांबली, मिश्री मात्र राहिली. शाळेत असताना मी मधल्या सुट्टीत संडासात जाऊन लावायचे, कारण मुलांना व्यसनमुक्तीची शपथ द्यायचं काम माझ्याकडे होतं. त्यात काही विसंगत आहे असं मला एकदाही वाटलं नाही, इतकी ती गोष्ट आमच्या लेखी वेगळी होती.

तेव्हा तंबाखू नाही असं डॉक्टरांनी लिहिलं. मानेत सुई घालून पाणी काढलं, तर तपासणीत धड काही आलं नाही. आमच्या भागात मानेतली गाठ म्हणजे टीबी, असं डॉक्टरांपासून कंडक्टरपर्यंत सगळेच धरून चालतात. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. आक्का त्या देवाच्या प्रसादासारख्या वेळेवर घ्यायची. गाठ मात्र सुपारीची लिंबाएवढी झाली आणि डावा कान दुखायला लागला. कानात तेल घातलं. मग घास चावताना ती तोंड एका बाजूला करायला लागली. विचारलं तर दाढ किडलीय म्हणाली. गालाच्या आत, अगदी मागे, खालच्या हिरडीला एक जखम होती आणि ती भरत नव्हती, हे तिने सांगितलंच नाही. त्या जखमेवर ती मिश्रीच दाबत होती. तेवढ्यानेच बधिर वाटायचं, असं मला नंतर म्हणाली.

आक्काचा मुलगा सांगलीजवळ कुपवाडला एमआयडीसीत लेथवर आहे. बायको-पोरासह तिथेच खोल्या घेऊन राहतो. तो सणाला आला, आईची मान बघून त्याचा चेहरा उतरला, आणि सुट्टी संपायच्या आत तो आम्हा दोघींना रेल्वेने सांगलीला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी मान बघताच आधी सोनोग्राफी करून आणायला सांगितलं.

सोनोग्राफी म्हणजे पोटाची, एवढंच आमच्या घरात ठाऊक होतं. सोनोग्राफीला जाताना पोट भरून पाणी प्यायचं असतं, लघवी दाबून धरायची असते, हे कुपवाडच्या सुनेने दोन वेळा अनुभवलेलं. तिने सासूला सकाळपासून तांब्यावर तांबे पाजले. आम्ही जाऊन बसलो. भिंतीवर गर्भलिंग तपासणी केली जात नाही अशी पाटी, समोर सगळ्या गरोदर पोरी, आणि त्यांच्यात आक्का मांड्या आवळून बसलेली. नंबर लागायला बराच वेळ गेला. ती घामाघूम झाली. मी काउंटरवरच्या पोरीला जाऊन म्हटलं, आता यांना धरवत नाही, आधी घ्या. तिने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, मानेची आहे ना, मग जाऊ दे की त्यांना बाथरूमला. आक्का परत आली तेव्हा आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. शेजारच्या पोरीही हसल्या. आम्ही दोघी मिळून असं हसलो तो शेवटचा दिवस.

खोलीत अंधार होता आणि एसीने गारठा होता. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आक्काला उताणी झोपवलं, खांद्याखाली उशी घातली, मान मागे टाकायला लावली. मानेवर गार जेल ओतलं तशी आक्का शहारली. पुढे ते साबणाच्या वडीएवढं यंत्र मानेवरून फिरायला लागलं. मी पायाशी उभी होते. आक्काचं तोंड भिंतीकडे वळवलेलं होतं, त्यामुळे तिला स्क्रीन दिसत नव्हता. मला दिसत होता.

आधी त्यांनी उजवी, चांगली बाजू बघितली. मी मास्तरीण, गप्प बसवत नाही; हे काय, ते काय, असं विचारत राहिले. त्यांनी न कंटाळता सांगितलं. मानेत अशा गाठी सगळ्यांनाच असतात. चांगली गाठ लांबट असते, पावट्याच्या दाण्यासारखी, आणि तिच्या मधोमध पांढरी रेघ असते. तिथून रक्त आत जातं. सर्दी झाली, दात किडला की ती फुगते, पण आकार आणि रेघ सोडत नाही. आक्काच्या उजव्या बाजूला तसे दोन पावटे होते. मला बरं वाटलं. काहीतरी समजलं की मला उगाच धीर येतो.

यंत्र डाव्या बाजूला आलं आणि डॉक्टरीणबाईंचं सांगणं थांबलं. स्क्रीनवर गोल, काळं काहीतरी होतं. पावट्यासारखं नव्हतं, रेघ नव्हती, कड फाटलेली होती. त्याच्या शेजारी आणखी एक, त्याला चिकटलेलं. त्यांनी एक बटण दाबलं तसे लाल-निळे ठिपके उमटले, आणि ते मधून येण्याऐवजी कडेकडेने आत शिरताना दिसले. मी काही विचारलं नाही. शिकवलेला धडा मला समजला होता.

त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं, हातमोजा चढवला आणि म्हणाल्या, "मावशी, तोंड उघडा बघू." बोट गालाच्या आत घालून मागपर्यंत फिरवलं. आक्का कण्हली. बोट बाहेर आलं तेव्हा हातमोज्याला काळं लागलं होतं आणि थोडं रक्त.

"मिश्री लावता?" त्यांनी विचारलं.

"व्हय," आक्का म्हणाली. "ती तर समदीच लावत्यात."

"आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"त्यांनी तंबाकूचं इचारलं," आक्का म्हणाली. "मिसरीचं कुटं इचारलं?"

डॉक्टरीणबाईंनी हातमोजा काढून बादलीत टाकला. मग मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, एवढंच शांतपणे म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही? मी मान खाली घातली. मला त्यांचा राग आला, साताऱ्याच्या डॉक्टरांचा राग आला, आक्काचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या काळ्या बोटाचा. माझंही तसंच होतं.

मग त्यांनी पुन्हा यंत्र लावलं आणि या वेळी एकाच जागी बराच वेळ बघितलं. नंतर मला बाहेर बोलावून सांगितलं की गाठीचं रूप चांगलं नाही. रोग तोंडातला आहे आणि तिथून मानेत उतरलाय असं दिसतं. खात्री सुई घालूनच होईल, आणि ती सुई आता यंत्रात बघत बघत नेमक्या जागी घालता येईल. मी विचारलं, मग काय, ऑपरेशन? त्या म्हणाल्या, सगळं तिथेच अडलंय. मेंदूला रक्त नेणारी मोठी नळी मानेतून जाते. गाठ तिच्यापासून सुटी असेल तर काढता येते. त्यांनी यंत्राने दाबून, आक्काला आवंढा गिळायला लावून बघितलं होतं. गाठ नळीवरून सरकत नव्हती. जवळजवळ चारी बाजूंनी तिने नळीला मिठी घातली होती.

"हिवाळ्यात आलो असतो तर?" मी विचारलं.

"ते मला आज सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. मी तिथून हलले नाही. वर्गात उत्तर येईपर्यंत उभी राहायची माझी सवय. शेवटी त्या म्हणाल्या, "कदाचित सुटी असती."

सुईचं उत्तर तेच आलं, मोठ्या स्कॅनचंही तेच. कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करता येणार नाही, शेक, म्हणजे रेडिएशन, आणि सलाइनमधून औषध देऊन बघू. आक्काच्या मुलाने त्याच संध्याकाळी गावी फोन लावला. मी शेजारीच होते. तो भावकीला सांगत होता, "ऑपरेशन लागत न्हाई म्हणले. नुसत्या शेकावर भागतंय." पलीकडून सुटकेचा आवाज ऐकू आला. आमच्याकडे ऑपरेशन लागत नाही ही चांगली बातमी असते. कापाकापी टळली, माणूस वाचलं. मी त्या पोराकडे बघितलं आणि मला कळलं की तो थापा मारत नाही, त्यालाही तसंच वाटतंय. गावात माझ्या धाकट्या नणंदेने मारुतीला नारळ फोडला.

आक्काही खुश होती. कुपवाडच्या त्या खोलीच्या गॅलरीत ती बसली होती, खाली कारखान्यातून सुटलेल्या लोकांच्या गाड्या चालल्या होत्या. मला म्हणाली, सुरी लागत न्हाई म्हंजी हलकंच हाय म्हणायचं. मी खाली गाड्यांकडे बघत राहिले. तिने माझ्याकडे नीट बघितलं. माझा चेहरा तिला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त वाचता यायचा.

"खरं सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. नळीचं सांगितलं, मिठीचं सांगितलं. काढता येत नाही म्हणून काढत नाहीत, हे सांगितलं. सांगताना माझा आवाज शाळेतल्यासारखा झाला, फळ्यावर आकृती काढून समजवावं तसा, कारण दुसऱ्या आवाजात मला ते बोलताच आलं नसतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मुलाला सांगू नकोस म्हणाली, तो आत्ताच हप्त्यावर गाडी घेऊन बसलाय, त्याचं कामात ध्यान लागायचं नाही. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुजं दीर जलमभर खात हुतं. त्यांना काय झालं न्हाई बग." तिच्या बोलण्यात कुठेही तक्रार नव्हती. तिला खरोखरच नवल वाटत होतं. दीर झोपेत गेले होते, हृदयाने. त्यांचं तोंड शेवटपर्यंत निर्मळ होतं.

शेकाचे दिवस मला लिहायचे नाहीत. तोंड आतून सोलून निघालं, पाणी गिळायला ती रडायची, मानेची कातडी करपली. मिश्री तिने त्या सोनोग्राफीच्या दिवसापासून लावली नव्हती, मीही नाही. सुरुवातीला माझं डोकं इतकं धरायचं की मी सगळ्यांवर खेकसायचे, आणि आक्का एवढ्या दुखण्यात मला हाताने खूण करायची की पाणी पी, चूळ भर. शेक संपल्यावर तपासणी झाली. तोंडातली जखम थोडी आकसली होती. मानेतल्या गाठी तशाच होत्या, उलट एक वाढली होती. डॉक्टर म्हणाले, आता दुखणं कमी ठेवायचं बघू. आक्काने तेही माझ्याकडून वदवून घेतलं आणि म्हणाली, आता तपासण्या बास. घरी ने.

घरी आणल्यावर बायका भेटायला यायला लागल्या. सोप्यात तिच्या कॉटजवळ बसायच्या, पदर डोळ्याला लावायच्या. एका दुपारी आळीतल्या चौघी-पाचजणी आल्या होत्या. त्यातली थोरली म्हणाली की बाईने कधी तंबाखूला बोट लावलं नाही, सुपारीचं खांड खाल्लं नाही, आणि तिच्याच वाट्याला हे यावं, देवाला डोळे नाहीत. सगळ्यांनी हो हो म्हटलं. आणि बोलता बोलता कनवटीच्या डब्या निघाल्या. बोटं दातावर फिरायला लागली. खमंग, जळका वास सोप्यात पसरला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हे मी लपवत नाही, आणि त्याच क्षणी मला असा संताप आला की मी ताडकन उठले. हिला मिश्रीनेच खाल्लं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. डॉक्टरांनी काय सांगितलं तेही सगळं सांगितलं. त्यांची बोटं दातावरच थांबली. मग एकजण समजुतीच्या सुरात म्हणाली, मिसरीनं कुटं काय हुतंय बाई, आमची आजी नव्वदीची हुन गेली. डबी कुणीच मिटली नाही.

आक्काने कॉटवरून हात हलवला. तिचं बोलणं आता बोबडं झालं होतं, जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही. तिने त्यातल्या सगळ्यात तरुण सुनेला जवळ बोलावलं, खाली बसवलं, आणि तिच्या जबड्याखाली बोटं घालून मान चाचपायला लागली. डॉक्टर चाचपतात तशीच, कानापासून हनुवटीपर्यंत, दोन्हीकडे. पोरगी घाबरून डोळे मिटून बसली. तिचं झाल्यावर आक्काने दुसरीला खुणावलं. बायकांना नाही म्हणता येईना. मरायला टेकलेल्या माणसाला कोण नाही म्हणतं? एकेक करून त्या बसल्या. आक्का काही बोलत नव्हती, बघून झालं की खांद्यावर हात ठेवून उठवायची. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बी."

माझ्या उजव्या जबड्याखाली तिचं बोट थांबलं. पुढे गेलं, पुन्हा मागे आलं.

"हितं हाय," ती म्हणाली.

मी हसण्यावारी नेलं. काही नाही, दाढ दुखतेय, असं म्हटलं. "मी बी असंच म्हटलं हुतं," आक्का म्हणाली.

सांगलीला मी एकटी गेले असते, किंवा नवऱ्याला घेऊन. पण ती ऐकेना. तिला धड बसवत नव्हतं, नाकातून अन्नाची नळी होती, आणि तरी ती हट्ट धरून बसली की मी बरोबर येणार. तिच्या मुलाने गाडी केली. मागच्या सीटवर ती माझ्या खांद्याला टेकून होती. ऊन लागू नये म्हणून मी खिडकीला साडी अडकवली. कऱ्हाड मागे पडेपर्यंत मी रडत होते, आणि खरं सांगायचं तर तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. ती मेली तर मी जगेन, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. मीही मरेन हे माझ्या हिशेबात नव्हतं. तिला ते कळत होतं. तिने माझा हात तिच्या मांडीवर घेऊन ठेवला होता.

त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आक्काला ओळखलं, खुर्ची आणून टेबलाजवळ बसवलं. मी उताणी झोपले. जेल खरंच फार गार असतं. छताकडे बघत मी मनात पाढे म्हणत होते. यंत्र उजव्या जबड्याखाली थांबलं, दाबलं गेलं, फिरलं. मग डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "साधी आहे. बघा, लांबट आहे, मधली रेघही आहे. दाढ दाखवून घ्या, तिच्यामुळे फुगलीय. आणि मिश्रीला पुन्हा हात लावायचा नाही."

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी हसले, रडले, डॉक्टरीणबाईंचा जेल लागलेला हात धरला. मी जगणार होते. त्या क्षणी खुर्चीत कोण बसलंय याचं मला भान नव्हतं, आणि त्या आनंदाची मला लाज वाटते तशी आणखी कशाचीच वाटत नाही.

आक्का स्क्रीनकडे बघत होती. तिने बोट पुढे करून विचारलं, ही पांढरी रेघ असली म्हणजे चांगलं का? डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. ती आणखी थोडा वेळ रेघेकडे बघत राहिली. मग खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागली.

"माजी बी बगा की एकदा," ती म्हणाली. "शेक झालाय आता."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. तपासणीचे कागद त्यांना ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि आक्कालाही मीच एकेक अक्षर सांगितलं होतं. मी टेबलावरून खाली उतरले. त्या म्हणाल्या, "या मावशी."

आम्ही दोघींनी तिला वर चढवलं. करपलेल्या मानेला लागू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी जेलची बाटली आधी दोन्ही हातांत धरून गरम केली. या वेळी त्यांनी आक्काचं तोंड भिंतीकडे वळवलं नाही. त्यांनी सगळी मान बघितली, पहिल्या दिवशी बघितली तितकीच सावकाश, एकही जागा न सोडता. मी स्क्रीनकडे बघितलं नाही. आक्का बघत होती, डोळे बारीक करून, आमच्या शाळेतली पोरं फळ्याकडे बघतात तशी.

"आली का रेघ?" तिने विचारलं.

"नाही आली, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आक्काने पदराने मानेवरचं जेल टिपलं. मग तिने मला हात दिला, आणि मी तिला उठवून बसवलं.